चार शाया आणि एक नाव : ‘मूलाँ रूज’च्या पोस्टरचं प्रकरण

१८९१ साली पॅरिसमधल्या ‘मूलाँ रूज’ (म्हणजे ‘लाल पवनचक्की’) या नृत्यगृहाला नवं पोस्टर हवं होतं. जागा उघडून दोनच वर्षं झाली होती. उद्घाटनाचं पोस्टर ज्यूल शेरे या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या पोस्टरकाराने केलं होतं आणि त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. तरी नवं काम मालकांनी दिलं ते आन्री द तूलूझ-लोत्रेक या चित्रकाराला. वय २६, आणि याआधी त्याने एकही पोस्टर केलेलं नव्हतं. त्यातून जे भिंतींवर आलं ते आज जगभर कपांवर, पिशव्यांवर, कॅलेंडरांवर दिसतं आणि नेमकं म्हणूनच नीट पाहायचं राहून जातं. इथे ते एका जाहिरातीचं प्रकरण म्हणून पाहायचं आहे. गिऱ्हाईक कोण होतं, बाजार कसा होता, हाताशी साधनं कोणती होती, चित्रकाराने काय ठरवलं आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडलं?

भिंती आणि शेरे

२९ जुलै १८८१ रोजी फ्रान्समध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला. वृत्तपत्रांसाठी तो मोलाचा होताच, पण पोस्टरांनाही त्याने मोठी मोकळीक दिली. मनाई केलेल्या जागा सोडल्या तर भिंतींवर जाहिरात लावता येऊ लागली. पॅरिसच्या जुन्या इमारतींवर ‘इथे जाहिरात चिकटवू नये’ अशी पाटी आणि खाली याच कायद्याची तारीख अजूनही दिसते. याच कायद्यात एक कलम असं होतं की पांढरा कागद फक्त सरकारी सूचनांसाठी राखीव. म्हणजे खाजगी जाहिरातदाराला रंगाकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यात पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मान या प्रशासकाच्या काळात शहर फोडून रुंद रस्ते काढलेले. नव्या बांधकामांभोवती लाकडी फळ्यांची कुंपणं असायची आणि १८६८पासून खास नाटकांच्या जाहिरातींसाठी उभारलेले गोल खांबही होते. चित्र लावायला जागा भरपूर आणि रस्त्यावर बघणारेही भरपूर.

या भिंतींवर राज्य होतं ते शेरेचं. तो तेराव्या वर्षी शिळाछापखान्यात, म्हणजे दगडावरून चित्रं छापणाऱ्या छापखान्यात, उमेदवार म्हणून लागला, पुढे लंडनमध्ये राहून काम केलं आणि १८६६मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचा छापखाना काढला. रंगीत शिळाछाप त्याच्याआधीही होती. पण रस्त्यावर परवडेल आणि दुरून ओरडून बोलेल अशा मोठ्या आकारात ती आणली त्याने. त्याची जुळणी साधी होती : एका दगडावर काळं रेखाटन, एकावर झगझगीत लाल आणि तिसऱ्यावर पार्श्वभूमीचा असा रंग की वर थंड निळा असेल तर खाली उतरता उतरता तो उबदार होत जाई. या तीन-चार दगडांतून त्याने हजारावर पोस्टरं काढली. १८९०मध्ये फ्रेंच सरकारने त्याला लेजियाँ द’ऑनरचा मान दिला. कारागीर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला, तेही जाहिरातींच्या कामासाठी!

‘मूलाँ रूज’साठी शेरेने गाढवांवर बसून पवनचक्कीकडे निघालेल्या हसऱ्या बायका काढल्या होत्या. चित्र देखणं आहे, हलकं आहे, वाऱ्यावर आहे. पण शेरेच्या यशातच त्याची मर्यादा होती. त्याची ती उडती, हसरी, सोनेरी केसांची मुलगी दिव्याच्या तेलाच्या जाहिरातीत असे, खोकल्याच्या गोळ्यांच्या जाहिरातीत असे आणि नाचघराच्याही. पॅरिसकरांनी शेरेच्या नावावरूनच तिचं नाव पाडलं होतं. म्हणजे ती शेरेची मुलगी होती, कोणा दुकानाची किंवा नाचघराची नव्हे. जाहिरात कुणाचीही असो, लोकांच्या लक्षात राहायचा शेरे.

गिऱ्हाईक

‘मूलाँ रूज’चे मालक दोघे, जोझेफ ओलेर आणि शार्ल झिदलेर. दोघेही करमणुकीच्या धंद्यात मुरलेले. एफेल टॉवर ज्या वर्षी उभा राहिला त्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १८८९ला, क्लिशी बुलेव्हारवर त्यांनी हे नाचघर उघडलं. दर्शनी भागावर आदोल्फ विलेतच्या आराखड्याप्रमाणे लाल पवनचक्की, मागे बाग आणि बागेत एक प्रचंड खोटा हत्ती.

पण मोंमार्त्रमध्ये, म्हणजे पॅरिसच्या या भागात, नाचघरांचा तोटा नव्हता. ‘एलिझे मोंमार्त्र’ होतं, ‘मूलाँ द ला गालेत’ होतं. शेजारच्या दारापेक्षा आपल्याकडे वेगळं काय, याचं उत्तर पवनचक्की नव्हती. ते उत्तर नाचणारी माणसं होती. त्यांत पहिली लुईझ वेबेर, म्हणजेच ‘ला गुल्यू’. तिचा जन्म १८६६चा, धोबीणकाम करणाऱ्या घरातला. गिऱ्हाइकांच्या पुढ्यातले पेले उचलून रिकामे करायची सवय म्हणून तिला ‘अधाशी’ हे टोपणनाव पडलं. आधी इतर नाचघरांत नाव कमावून ती इथे आली होती. तिचा जोडीदार ‘व्हालाँतँ ल देझोसे’, खरं नाव जाक रनोदँ, वयाने तिच्याहून तेवीस वर्षांनी मोठा, काटकुळा आणि इतका लवचिक की लोक त्याला ‘बिनहाडाचा’ म्हणत. हे दोघे जो क्वाद्रिय नावाचा नाच करत त्यात ती पाय डोक्यापर्यंत फेकायची आणि कधी पायाच्या टोकाने प्रेक्षकाची टोपी उडवायची.

लोत्रेक या दोघांना चांगला ओळखत होता. तो दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी गावच्या जुन्या सरदार घराण्यातला. लहानपणी एकामागून एक दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, पायांची वाढ खुंटली आणि शिकार-घोडेस्वारीच्या घराण्यातला हा मुलगा चित्रांकडे वळला. पॅरिसमध्ये रीतसर शिक्षण घेतल्यावर तो मोंमार्त्रमध्ये राहिला आणि इथल्या नाचघरांचा नेहमीचा माणूस झाला. त्याचं सर्कशीतल्या घोडेस्वारणीचं एक मोठं चित्र ओलेरने विकत घेऊन ‘मूलाँ रूज’च्या प्रवेशदालनात लावलं होतं. म्हणजे मालकांनी अंधारात उडी मारली असं म्हणता येणार नाही. रोज दारातून आत येताना ज्याचं काम दिसत होतं, त्यालाच त्यांनी बोलावलं. त्याच वर्षी पिएर बोनार या तरुण चित्रकाराचं शॅम्पेनचं पोस्टर भिंतींवर झळकलं होतं आणि लोत्रेकला ते फार भावलं होतं. पोस्टर हे चित्रकाराचं काम असू शकतं, याचा पुरावा त्याच्यासमोर ताजा होता.

दगड काय मागतो

इथे थोडं थांबून छपाई समजून घ्यायला हवी, कारण माझ्या मते या पोस्टराचं निम्मं मर्म तिथे आहे.

शिळाछापेचं तंत्र आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलं. सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावर. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने चित्र काढायचं. मग त्यावर डिंकाच्या पाण्यात किंचित आम्ल घालून ते फिरवायचं, म्हणजे चित्र दगडात पक्कं बसतं आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवायला तयार होते. दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर शाई चढत नाही, तेलकट रेघेवर चढते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उठतो. चित्र दगडावर उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा उलटी.

प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दगड बदलला की तोच कागद पुन्हा यंत्रात जातो आणि आधीच्या रंगावर पुढचा नेमका बसावा लागतो. केसभर सरकला तरी ओठांचा लाल गालावर येतो. त्यात पोस्टर माणसाच्या उंचीएवढं, एका दगडात मावणारं नव्हे. लोत्रेकचं हे पोस्टर जवळजवळ १९० सेंटिमीटर उंच आणि ११७ सेंटिमीटर रुंद आहे, तीन कागदांत छापलेलं : दोन मोठे आणि वर अक्षरांची एक अरुंद पट्टी. भिंतीवर चिकटवताना तिन्ही जोडायचे. एकेक रंग वाढवला की दगड वाढतात, खेपा वाढतात, खर्च वाढतो आणि चुकायच्या जागा वाढतात.

यातून सुटायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे रंग वाढवत नेऊन दगडाची छाप तैलचित्रासारखी दिसेल इतकी गुळगुळीत करायची. हा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. पुण्यात १८७८पासून चित्रशाळा देवादिकांची आणि पेशवाईतली चित्रं दगडावरून छापत होती. १८९४मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणले, आणि ‘शकुंतला जन्म’पासून सुरू झालेली ती चित्रं घराघरांत भिंतीवर लागली. तिथे साडीच्या जरीची चमक आणि गालावरची लाली उतरवायला एकावर एक कितीतरी दगड लागत. हेतूही वेगळा होता : ते चित्र घरात, हातभर अंतरावरून, रोज पाहायचं होतं. दगड दिसूच नये हे तिथलं कौशल्य.

लोत्रेकने बरोबर उलटा रस्ता धरला. त्याने शाया घेतल्या चार : काळी, पिवळी, लाल, निळी. आणि दगडावरची छाप दगडासारखीच दिसू दिली. जिथे रंग आहे तिथे तो सपाट. सावली नाही, गोलाई नाही. जिथे मधली छटा हवी तिथे त्याने शाईचे तुषार उडवले. ब्रशचे केस पात्यावर घासायचे, म्हणजे बारीक थेंबांचा सडा दगडावर पडतो. एका दगडावरचे ठिपके दुसऱ्या दगडावरच्या ठिपक्यांत मिसळून छापात तिसराच रंग भासतो. ही युक्ती छापखान्यात माहीत होती. शेरेही ती वापरायचा. पण लोत्रेकने ती चित्राच्या अगदी पुढच्या आकृतीसाठी राखून ठेवली.

या सपाट रंगांमागे जपानी लाकूडठशांची चित्रं आहेत हे सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. १८९०च्या वसंतात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि त्या पिढीच्या चित्रकारांवर त्याची मोहिनी पडली होती. पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. जपानी चित्रं शेरेनेही पाहिली होतीच. लोत्रेकला त्यांचा उपयोग झाला कारण त्याच्यापुढे रस्ता होता, लांबून चालत येणारा माणूस होता आणि चारच शाया होत्या. या तिन्ही अटींना जे उत्तर लागत होतं ते त्याला तिथे तयार सापडलं.

कागदावर काय आहे

आता चित्र जवळून पाहू. मागे काळ्या सावल्यांची एक सलग रांग. उंच टोप्या, पिसांच्या टोप्या, नाकांच्या आणि हनुवट्यांच्या कडा. कोणाला डोळे नाहीत, चेहरा नाही. हे प्रेक्षक. फळ्यांच्या जमिनीच्या रेघा तिरक्या वर चढत त्यांच्यापर्यंत जातात. दिव्यांचे पिवळे गोळे एकमेकांना चिकटून एका बाजूने चित्रात घुसतात.

सगळ्यांत पुढे, आपल्या अगदी जवळ, व्हालाँतँ. उंच टोपी, पुढे आलेलं मोठं नाक, हनुवटी आणि हवेत धरलेला हात. तो तुषारांनी भरलेल्या करड्या-जांभळट रंगात आहे, धुरातून दिसावा तसा, आणि कागदाच्या खालच्या कडेने त्याची आकृती सरळ कापली आहे. चित्रातला सर्वांत मोठा माणूस सर्वांत फिका, हा धाडसी निर्णय आहे. तो तिथे असल्यामुळे पाहणारा आपोआप त्याच्या मागे, नाचाच्या रिंगणाच्या काठावर उभा राहतो. समोर काळी गर्दी, अलीकडे व्हालाँतँ, आणि रिंगण पुरं करायला एकच जागा उरते, ती रस्त्यावरच्या माणसाची.

मध्ये ला गुल्यू. डोक्यावर सोनेरी केसांचा बुचडा, ठिपक्यांचं लाल पोलकं, लाल मोजा घातलेला वर फेकलेला पाय. आणि तिचा परकर. त्या परकराकडे पुन्हा पुन्हा पाहावं. तिथे शाई जवळजवळ नाहीच. काही बारीक रेघा, बाकी कोरा कागद. पूर्ण पोस्टरातली सर्वांत उजळ जागा छापलेलीच नाही! चार दगडांचा खर्च करून चित्रकाराने नजर जिथे खेचायची तिथे कागद मोकळा सोडला. काळी गर्दी मागे आहे म्हणून तो कोरा कागद लखलखतो.

अक्षरांचंही तसंच. ‘मूलाँ रूज’ हे नाव एकाखाली एक तीनदा लिहिलंय आणि तिन्ही ओळींना सुरुवातीचं मोठं ‘एम’ एकच. फेरीवाला एकच आरोळी तीनदा देतो तसं ते वाचलं जातं. सोबत ‘नाच’, ‘रोज रात्री’ आणि ‘ला गुल्यू’. एवढाच मजकूर. पत्ता नाही, तिकिटाचा दर नाही, वर्णन नाही. अक्षरंही त्याने हाताने, चित्राच्याच वळणाने काढली. शेरेच्या पुष्कळ पोस्टरांत अक्षरांचं काम दुसऱ्याच्या हातचं असे आणि ते जाणवतं.

हे सगळं ओघात जमून आलं असा समज होऊ नये. आल्बीच्या संग्रहालयात या पोस्टराचा कोळशाने काढलेला मोठा कच्चा आराखडा आहे. त्यात आकृत्यांच्या जागा जवळपास ठरलेल्या दिसतात. दगडाला हात लावायच्या आधीच लढाई कागदावर लढून झाली होती.

आणि प्रकरणातला खरा निर्णय मजकुरातच आहे. गिऱ्हाइकाने जागेची जाहिरात मागितली होती. लोत्रेकने माणसाची केली. शेरेच्या पोस्टरात ‘या, मजा आहे’ असं आमंत्रण होतं. इथे नाव घेऊन सांगितलंय की ही बाई आज रात्री इथे नाचणार आहे आणि ती दुसरीकडे मिळणार नाही. शेजारच्या नाचघराला हे पोस्टर नक्कल करून लावता आलं नसतं. शेरेच्या पोस्टरावर नाव बदलून ते सहज लावता आलं असतं.

याची दुसरी बाजूही मला खटकत राहते. नाव घेतलं तरी चित्राच्या मध्यावर आहे तो तिचा परकर आणि तिच्याकडे रोखलेली बिनचेहऱ्याची गर्दी. लोत्रेक या बायकांचा मित्र होता आणि त्याने त्यांना कधी खोटं गोड केलं नाही, हे खरं. पण ती गर्दी आणि तिच्यात मिळून गेलेले आपण, हे त्याने झाकलं नाही म्हणून चित्र मोठं आहे आणि म्हणूनच ते पाहताना थोडं अवघडायलाही होतं.

भिंतीवर आणि भिंतीवरून खाली

छपाई शार्ल लेव्हीच्या छापखान्यात झाली. प्रती सुमारे ३,००० काढल्याचं सांगतात. १८९१ संपता संपता त्या पॅरिसभर खळ लावून चिकटवल्या गेल्या. शिवाय पोस्टर लावलेली छोटी गाडी रस्त्यांतून फिरवली जाई. चित्रकार फ्रान्सिस जुर्दँने पुढे लिहिलंय की आव्हन्यू द लोपेरावर ही गाडी दिसली तेव्हा तो इतका भारला गेला की पदपथावरून तिच्या बरोबरीने चालत राहिला. पोस्टराचं काम काय, तर चालत्या माणसाला क्षणभर थांबवणं. इथे त्याने माणसाला आपल्यामागे चालायला लावलं.

पोस्टर मुळात आठवड्या-दोन आठवड्यांचा जीव. कागद हलका, ऊन-पाऊस, वर दुसऱ्याचा कागद. पण या वर्षांत पॅरिसमध्ये पोस्टर गोळा करायचं वेड पसरलेलं होतं. शौकीन लोक रात्री ओली पोस्टरं भिंतीवरून उतरवून नेत, लावणाऱ्या मजुरांकडून कोऱ्या प्रती मिळवत. एदमाँ सागोसारखे व्यापारी पोस्टरांच्या छापील याद्या काढून त्यांची रीतसर विक्री करू लागले. पुढे १८९५ ते १९०० या काळात निवडक पोस्टरं लहान आकारात छापून वर्गणीदारांना पाठवणारी मालिकाच निघाली, शेरेच्या देखरेखीखाली, एकूण २५६ पानांची. लोत्रेकच्या या पोस्टराच्या ज्या प्रती उरल्या त्या या वेडामुळे. पण त्यांतल्या बऱ्याच प्रतींना वरची अक्षरांची पट्टी नाही. ज्यांनी ती वगळली त्यांना चित्र हवं होतं, जाहिरात नको होती. त्यामुळे आता तिन्ही कागद असलेली प्रत दुर्मिळ आहे, आणि पट्टीविना पाहिलं की नावाची ती आरोळी तुटलेली वाटते.

कोणाच्या पदरात काय पडलं

लोत्रेकला रातोरात नाव मिळालं. पुढच्या दहा वर्षांत त्याने तीसएक पोस्टरं आणि तीनशेहून जास्त शिळाछापं केली. १८९२मध्ये गायक आरिस्तीद ब्रुआँचं पोस्टर केलं तेव्हा नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला ते आवडलं नव्हतं. पोस्टर लागलं नाही तर मी गाणार नाही असं ब्रुआँने बजावलं म्हणून ते लागलं. १८९४मध्ये गायिका इव्हेत गिल्बेरने मात्र त्याचा आराखडा नाकारला, त्यात ती फार कुरूप दिसत होती. नावानिशी माणूस काढायचा हा मार्ग त्याने सोडला नाही आणि त्याची किंमतही मोजली. १९०१मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षात, तो वारला.

‘मूलाँ रूज’ला हवं ते मिळालं, बहुधा मागितल्यापेक्षा जास्त. नाचघराची आजची ओळख याच चित्रातून आली आहे, शेरेच्या गाढवांतून नव्हे.

ला गुल्यूचा हिशेब अवघड आहे. पोस्टराने ती पॅरिसची सर्वांत ओळखीची नर्तकी झाली आणि त्या नावाच्या जोरावर १८९५मध्ये ‘मूलाँ रूज’ सोडून जत्रेत स्वतःचा तंबू घालायला निघाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिने लोत्रेकला पत्र लिहून तंबूच्या दर्शनी भागासाठी चित्रं मागितली. त्याने दोन मोठे पडदे रंगवून दिले. एकावर ‘मूलाँ रूज’मधले जुने दिवस आणि व्हालाँतँ, दुसऱ्यावर तिचा नवा नाच. धंदा चालला नाही. पुढे तिने जनावरांचे खेळ केले, गरिबीत दिवस काढले. जत्रेचे ते पडदे हातोहाती गेले आणि १९२६मध्ये एका व्यापाऱ्याने जास्त पैसे सुटावेत म्हणून त्यांचे तुकडे करून विकायला काढले. लुईझ वेबेर १९२९च्या जानेवारीत वारली. त्याच वर्षी फ्रेंच सरकारने ते तुकडे विकत घेतले आणि पुन्हा जोडून घेतले. आज ते ओर्से संग्रहालयात आहेत, आणि कापल्याच्या रेघा कॅनव्हासवर दिसतात.